मदत हवी आहे: वार (प्लॅसेंटा) खाली आहे, सिझरची तयारी कशी करू?

नमस्कार मैत्रिणींनो, मी सोलापूरची, जुळे सोलापूरला राहते, दुसरं बाळंतपण, ३४ वा आठवडा चालू आहे. पाचव्या महिन्यात वार खाली आहे म्हणाले होते, तेव्हा वाटलं सरकेल वर, बऱ्याच जणींची सरकते, पण ३२ व्या आठवड्यात आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशयाच्या तोंडापासून फक्त १४ मिमी निघाली. २० च्या आत असेल तर खालीच धरतात. आता ३६ ला परत बघणार, नाही सरकली तर सिझरची तारीख देणार.

परवा पहाटे परकरला रुपयाएवढा गुलाबी डाग दिसला, हातपायच गळाले माझे. लगेच दाखवलं, बाळाचे ठोके छान आहेत, पण परत काही दिसलं तर एक मिनिट थांबायचं नाही असं बजावलंय. माझं रक्त बी निगेटिव्ह, सहज मिळत नाही, रक्त आधीच सांगून ठेवायचं का डोनर तयार ठेवायचे? ज्यांचं असं झालंय त्यांनी काय केलं?

आणि तारीख नेमकी इथल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत येतेय, नंदीध्वजांच्या मिरवणुकीला रस्ते बंद असतात, रात्री अचानक निघावं लागलं तर? आई म्हणते मंगळवेढ्याला ये, पण इतक्या लांब जायला मन घेत नाही. सासूबाई पंचांग बघून दिवस धरा म्हणतात, त्यांना दुखवायचं नाहीये पण दिवस डॉक्टरच ठरवणार, हे कसं समजावू?

३७ व्या आठवड्यात सिझर झालेल्या कुणी आहात का, बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं का? प्लीज सांगा.