ऑफिसमागची मांजरं : तुमचेही अनुभव लिहा

काल सकाळी पार्किंगमध्ये गाडी लावताना जनरेटरच्या खोलीआडून एक पट्ट्यापट्ट्यांची भाटी बघत होती. एका कानाचं टोक सरळ कापलेलं. कुणीतरी तिला पकडून, नसबंदी करून परत तिच्याच जागी आणून सोडलंय, त्याची ही खूण. बरं वाटलं बघून, पण लगेच भोसरीची जुनी कंपनी आठवली आणि दिवसभर डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

बारा-तेरा वर्षं झाली. स्टोअरच्या मागे पाच-सहा मांजरं असायची, कारण कॅन्टीनचं खरकटं तिथेच पडायचं. ऑडिटच्या आधी वरून सांगणं आलं की मांजरं दिसता कामा नयेत. पोत्यात भरून टेम्पोने नदीपलीकडे नेऊन सोडली. त्या टेम्पोच्या गेटपासवर सही माझी होती. त्याच रात्री दुसऱ्या पाळीत खोक्यांच्या थप्पीमागून बारीक ओरडण्याचा आवाज, बघतो तर चार पिल्लं, डोळे नुकते उघडलेले. आई पोत्यातून गेलेली. हाऊसकीपिंगच्या मावशींनी पदरात घालून घरी नेली, कापसाच्या बोळ्याने पाजत राहिल्या, दोन गेली, दोन जगली. आणि तीन-चार महिन्यांत स्टोअरमागे दुसरी मांजरं हजर, खरकटं होतं तिथेच होतं ना! मग त्या मुक्या जिवांना हलवून मिळवलं काय आपण?

त्या सहीचं मला आजही वाईट वाटतं. तुमच्या कामाच्या ठिकाणी काय करतात, चांगलं-वाईट दोन्ही लिहा.

गोणपाट
आमच्याकडे उलट. वाशीच्या दाणाबाजारात गाळ्यात मांजर नसेल तर उंदीर पोत्यांची चाळण करतात त्यामुळे सगळेच जपतात, माथाडी लोक डब्यातली चपाती काढून देतात. पण एका वर्षी शेजारच्या गाळ्यात उंदराच्या औषधाच्या वड्या टाकल्या, आमच्या काळ्या बोक्याने तो मेलेला उंदीर खाल्ला. नाकातून रक्त. तीन दिवसांनी गेला बिचारा. तेव्हापासून आमच्या ओळीत औषध बंद, फक्त पिंजरे. शेठ स्वतः रडले होते.

इंद्रायणीकाठ
भोसरीत कुठे हो दादा? मी इंद्रायणीनगरलाच राहते, मिस्टर पण एमआयडीसीत होते

धागाकर्ता
ताई, कंपनीचं नाव नको लिहायला. लांडेवाडीच्या बाजूला एवढंच.

इंद्रायणीकाठ
हो हो नकोच. त्या मावशींचं काय झालं पुढे? त्यांना नमस्कार सांगा भेटल्या तर

सुईदोरा
व्हेट आहे, कोल्हापूर. दोन पेशंटच्या मधे लिहितेय, घाईत आहे.
पिल्लं एकटी दिसली की लगेच उचलू नका. आई खायला गेलेली असते किंवा जागा बदलत असते, सात घरं फिरवते म्हणतात ते उगीच नाही, एकेक करून नेते ती. लांब उभं राहून दोन-तीन तास बघा. अंग गार पडलं असेल किंवा आई गेलीय हे नक्की असेल तरच उचला, आणि आधी ऊब, मग दूध. गायीचं दूध नको, जुलाब लागतात आणि एवढ्याशा जिवाला जुलाब झेपत नाहीत. मांजराच्या पिल्लांची दुधाची पावडर मिळते.
आणि हात जोडून सांगते, ताप वाटतोय म्हणून पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. एका गोळीत मांजर जातं. गेल्या पावसाळ्यात एका कारखान्याच्या वॉचमनकाकांनी फार मायेने अर्धी गोळी दिली होती, नाही वाचवू शकले मी.

मांदेली
बापरे 😢 हे माहीतच नव्हतं

मांदेली
आमचं मिरकरवाडा. बंदरावर मांजरांना कोणी हाकलत नाही, लिलाव झाला की आमची मावशी पाटीतली बारीक मासळी वेगळी काढते, बोके आधी मग भाट्या मग पिल्लं अशी रांगच लागते. एक तिरंगी आहे ती फक्त मावशीच्याच हातचं खाते. तीन पायांची आहे, चौथा जाळ्याच्या दोरीत अडकून गेला. मावशी जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा सुकट घेऊन मुद्दाम बंदरावर जाते, म्हणते आपली सुट्टी असली तरी त्यांच्या पोटाला नसते.

गोणपाट
सुकट धुऊन देत जा मावशींना सांगा, फार खारट असते.

मांदेली
धुतेच ती 🙂 आमच्यापेक्षा जास्त लाड त्यांचे

रात्रपाळी
मी सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. मला मांजरं आवडतात पण प्रसूती वॉर्डात नकोतच, तिथे ओल्या बाळंतिणी, तान्ही बाळं. आमच्याकडे नातेवाईक डबे उघडे ठेवतात, खाटेखाली उरलेलं टाकतात आणि मग मांजर आलं की शिव्या मांजराला. आम्ही दोघी-तिघींनी मिळून काय केलं, वॉर्डाच्या खिडक्यांना जाळी लावून घ्यायला साहेबांच्या मागे लागलो आणि मागच्या लाँड्रीच्या भिंतीशी रोज संध्याकाळी सहाला खायला ठेवायला लागलो. एकच जागा, एकच वेळ, अर्ध्या तासाने ताटली उचलायची. महिनाभरात वॉर्डाकडे फिरकणं जवळजवळ थांबलं. काठी घेऊन मागे धावण्यात आमची किती वर्षं गेली त्याआधी.

धागाकर्ता
सिस्टर, हेच आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर.

कायद्याचंबोला
आमच्या आयटी पार्कातही पोत्यात भरून सोडायचं ठरत होतं. मी अ‍ॅडमिनला मेल टाकली की १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये प्राण्याला हाल होतील असं कोंडून नेणं हा गुन्हा आहे, आणि विष घातलं किंवा मारलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. भांडण नाही केलं, सोबत नसबंदीचा खर्च आम्ही वर्गणीतून काढतो असंही लिहिलं. दुसऱ्या दिवशी होकार आला. नऊ मांजरांची झाली. तेव्हापासून पिल्लू नाही, रात्री बोक्यांची भांडणं नाहीत, तक्रार करणारेच आता बिस्किटं घेऊन येतात.

टेम्सतीरी
लंडनहून. इथे पोस्टाच्या कचेरीत १८६८ मध्ये उंदरांसाठी अधिकृत मांजरं ठेवली होती, खाण्यासाठी आठवड्याला एक शिलिंग मंजूर! आणि पंतप्रधानांच्या घरचा लॅरी २०११ पासून आहे, तो पण निराश्रित प्राण्यांच्या आश्रयातून आणलेला. मी ठाण्याच्या ऑफिसात असताना आमच्या मनीसाठी पेटी कॅशमधून वीस रुपये मागितले होते, मिळाले नव्हते, मग सगळ्यांनी पाच-पाच काढले. तिची फार आठवण येते इथे.

आजीचीनात
माझी आजी म्हणायची मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं. लहानपणी वाटायचं एवढं सोनं कुठून आणणार, म्हणून आमच्या वाड्यात कोणी दगडसुद्धा मारायचं नाही. बाकी ऑफिसचा अनुभव नाही, मी घरीच असते, आमच्या चिमीने कालच कपाटात चार पिल्लं दिली, पैठणीवर 😄

सुईदोरा
चिमीला दोन महिन्यांनी घेऊन जा नसबंदीला, पाजत असतानाही परत गाभण राहते. दिवस फक्त नऊ आठवड्यांचे असतात. आणि ही पिल्लं चार-पाच महिन्यांची झाली की त्यांचंही बघा.

आजीचीनात
एवढ्या लवकर?? बरं झालं सांगितलंत डॉक्टर

पहिलीपाळी
गाडीचं एक राहिलं. पावसात, थंडीत मांजर गरम इंजिनजवळ जाऊन बसतं. आमच्या डेपोत ड्रायव्हर लोक सेल मारायच्या आधी बॉनेटवर दोन थापा मारतात. एकदा नाही मारल्या, ते लिहवत नाही. सगळ्यांनी मारा.

इंद्रायणीकाठ
आमच्या सोसायटीखालच्या दुकानांमागे पण सात-आठ आहेत, दोन गाभण वाटतात. पकडायची कशी, हात लावला की ओरबाडतात

धागाकर्ता
हाताने नाहीच पकडायचं ताई. जाळीचा पिंजरा येतो, दार आपोआप पडतं. आदल्या रात्रीपासून खायला द्यायचं नाही, सकाळी आत वासाची मासळी ठेवायची आणि लांब जाऊन बसायचं. दार पडलं की लगेच वरून जुनी चादर टाका, अंधार झाला की शांत होतात. भाटीला ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस ठेवून मग जिथून उचलली तिथेच सोडायची. गाभणीचं आधी डॉक्टरांना विचारा.

इंद्रायणीकाठ
पिंजरा कुठे मिळेल

धागाकर्ता
माझ्याकडे दोन आहेत. मावशींची ती दोन पिल्लं मोठी झाली तेव्हा घेतले होते. शनिवारी आणून देतो, पत्ता मेसेज करा.

इंद्रायणीकाठ
चादर माझ्याकडे आहे. मासळी मिस्टर आणतील, तुम्ही जेवूनच जा