अनुभव धागा: सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) झालं, पुढे काय?

९ जून २०२५ पासून सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून गोव्याचं विमान सुटायला लागलं आणि बारावीच्या मुलांचे आईवडील पायलटच्या कोर्सची चौकशी करू लागले. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची ऑर्डर दिली, ते सगळ्यांना पाठ आहे. लायसन्सनंतर काय होतं, ते त्यातून गेलेल्यांनी लिहा. खर्चाचं आधी लिहा.

आसरा चौकातून
सीपीएल हातात आहे, नोकरी नाही. लायसन्ससाठीचे उड्डाणाचे २०० तास भरायलाच ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ गेला. आमच्या फ्लाइंग स्कूलमध्ये मुलं जास्त, विमानं कमी. पहाटे तयार होऊन बोर्डावर नाव बघायचं, तर सेसना (शिकण्याचं छोटं विमान) हंड्रेड अवर चेकसाठी, म्हणजे शंभर तासांच्या तपासणीसाठी, हँगरमध्ये उघडून ठेवलेलं. ते निघेपर्यंत वारा वाढलेला, म्हणजे सोलो (एकट्याने उडवणं) रद्द.

खरी गोम पुढे आहे. विमानं वाढली की आधी कॅप्टन लागतात. त्यासाठी एटीपीएल, हे सीपीएलच्या वरचं लायसन्स, म्हणजे १५०० तास. २०० तासवाल्याला उजवी, म्हणजे को-पायलटची सीट, आणि तिथे रांग मोठी. बऱ्याच ठिकाणी एअरबस ए३२० चं टाइप रेटिंग (ते ठराविक विमान उडवण्याची पात्रता) स्वतःच्या पैशाने करावं लागतं, तेही लाखांत. ते पैसे पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवा, माझी कळकळीची विनंती आहे. थांबलात तरी मेडिकल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचं दिसत नसताना उपकरणांवर उडवण्याची पात्रता) चालू ठेवावं लागतं.

पूर्व भागातून, एक वडील
आमचे यंत्रमाग आहेत. घर तारण ठेवून लेकीला शिकवलं. आज ती एटीआरवर (पंख्यांचं छोटं प्रवासी विमान) को-पायलट आहे. मोठ्या जेटचाच हट्ट धरू नका, छोट्या शहरांच्या विमानांवरही तास भरतात. पण हप्ता पहिल्या पगाराच्या आधी सुरू झाला, ते महिने फार जड गेले.

जुळे सोलापूर
फी भरण्याआधी क्लास टू आणि क्लास वन मेडिकल (पायलटसाठीच्या वैद्यकीय तपासण्या) करा. माझ्या भावाचा रंग ओळखण्यातला दोष ॲडव्हान्स भरल्यावर कळला.

सध्या मुंबईत, मूळ सोलापूरचा
ही लाइन वर-खाली होते. किंगफिशर एअरलाइन्स २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेज २०१९ मध्ये, गो फर्स्ट २०२३ मध्ये. दर वेळी अनुभवी पायलट बाजारात आले आणि नवी मुलं मागे पडली. तरीही मी आजही हीच नोकरी निवडेन. फक्त सोबत पदवी पूर्ण करा, बाहेरून केली तरी चालेल.