फिरत्या पिचवर स्पिन कसा खेळायचा, स्वीप की पुढे निघून?

जामठावाला:
आपल्याकडे अजूनही लोकं म्हणून राहिले की टी-ट्वेंटीत स्पिनर आला की क्रीज सोडून पुढे निघा न उचला. मले हे पटतच नाही. १५ मार्च २०१६, वर्ल्ड टी-ट्वेंटी, आपलं नागपूरचं जामठा स्टेडियम. न्यूझीलंडने साउदी न बोल्ट दोघंही बाहेर बसवून तीन स्पिनर खेळवले, केले फक्त १२६, अन् आपण ७९ मध्ये खलास. रोहित सँटनरले पुढे निघाला, बॉलपर्यंत पोचलाच नाही, स्टंप. अशा पिचवर स्वीपच पाहिजे, गुडघा टेकून आडव्या बॅटनं, बॉल पडल्या पडल्या मारला तर वळायले वेळच भेटत नाही.

गल्लीचा ऑफस्पिनर:
मग धवनचं काय भाऊ? त्याच मॅचला पहिल्याच ओव्हरमध्ये नेथन मॅक्युलमले स्वीप मारायले गेला न एलबी, म्हणजे पायावर बॉल लागून आउट! मी स्वतः क्लबले ऑफस्पिन टाकतो, बॅट्समन स्वीपवर आला की मी खुश होतो, जरा फास्ट, सरळ स्टंपात टाकायचा बस. पण पुढे निघणारा आला की माझी लेंथ बिघडते, मी आखूड टाकतो न तो मागे जाऊन आरामात पुल मारते.

जामठावाला:
स्टंपातल्या बॉलले स्वीप कोण सांगून राहिलं? लेग स्टंपच्या बाहेर पडलेला निवडा, तिथं एलबी देताच येत नाही.

शांत डोक्याने:
अरे तुम्ही दोघं शॉटवरच भांडून राहिले. टार्गेट १२७, ओव्हरले साडेसहा पण नाही लागत. धोनीने ३० बॉलमध्ये ३० काढले, दुसऱ्या बाजूनं कोणी थांबलंच नाही. बॉल उशिरा खेळा, एकेक घ्या, सहा-सात ओव्हर सिक्स नाही मारला तर काय बिघडते?

गल्लीचा ऑफस्पिनर:
बिघडते ना. कोहली थांबूनच खेळला, २७ बॉलमध्ये २३, अन् शेवटी सोधीच्या लेगब्रेकले ड्राइव्ह मारताना कीपरच्या हातात. स्पिनरले एकाच टप्प्यावर टाकू दिलं तर तो सोडत नसते, त्याले हलवावंच लागते. अन् जामठावाले, सँटनर डावखुरा, राइटीले बॉल बाहेर जाते, तिथं वळणाच्या उलट स्वीप म्हणजे टॉप एज, बॅटच्या वरच्या कडेले लागून बॉल हवेत. हे सांगा.

जामठावाला:
हाओ, हा मुद्दा बरोबर आहे. म्हणूनच त्याले रिव्हर्स, म्हणजे उलट्या बाजूले स्वीप मारायचा, वळणाच्या दिशेनंच जाते, अन् रिव्हर्स बसला की कॅप्टनले पॉइंटमागे फिल्डर न्यावा लागते, मग कव्हरमध्ये एक-दोन आपोआप निघतात. पण आपल्याकडे नेटमध्ये पोट्ट्यानं रिव्हर्स मारला की कोच बाहेर काढते, "सरळ खेळ बे" म्हणून. त्या वयात हात बसला नाही तर मॅचमध्ये कुठून येणार?

शांत डोक्याने:
आधी पोट्ट्याले सरळ डिफेन्स येऊ द्या मग रिव्हर्स. अंडर-फोर्टीनवाले पाहून राहिलो मी, बॉल हातातून कसा सुटला हेच कोणी पाहत नाही, टप्पा पडल्यावर ठरवतात काय मारायचं.

गल्लीचा ऑफस्पिनर:
हे मात्र शंभर टक्के. मले विकेटा त्याच्यातच भेटतात.