चोविसावी की सव्विसावी? संस्थानिकांच्या तनख्यांविषयी एक शंका

जयेंद्रगंजकर, ग्वाल्हेर

नमस्कार. माझी मुलगी राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करीत आहे. संस्थानिकांचे तनखे, म्हणजे संस्थाने विलीन झाल्यावर त्यांना सरकारकडून दरवर्षी मिळणारी रक्कम, संविधानाच्या १९७१ मधील २६व्या संशोधनाने बंद झाले, असे तिच्या पुस्तकात दिले आहे. परवा वडिलांच्या पेटीत सप्टेंबर १९७० मधील वर्तमानपत्रांची काही कात्रणे निघाली. त्यांत मात्र याच विषयाचा उल्लेख ‘चोविसावे संशोधन विधेयक’ असा आहे. पुस्तकात २४वे संशोधन काढून पाहावे, तर तेथे तनख्यांचे नावही नाही. संविधानात बदल करण्याच्या संसदेच्या अधिकाराविषयीच सारे आहे. कात्रणे चुकीची असतील असे मला वाटत नाही, कारण आजोबा संस्थानच्या नोकरीत होते आणि आमच्या घरी त्या दिवसांत दुसरा विषयच नसे. शिवाय संविधानाच्या प्रतीत अनुच्छेद २९१ आणि ३६२ वगळलेले दिसतात, ३६३ मात्र शाबूत आहे आणि त्याच्यामागून ३६३क येतो. याची संगती कशी लावावी?

निवृत्त वकील, इंदूर

आपले पुस्तक आणि आपली कात्रणे, दोन्ही बरोबर आहेत. विधेयकाचा क्रमांक आणि संमत झालेल्या अधिनियमाचा क्रमांक एकच असतो, असे आपण गृहीत धरतो आणि तेथेच फसतो. वस्तू व सेवा कराचे विधेयक १२२वे होते, पण अधिनियम झाला १०१वा. महिला आरक्षणाचे विधेयक १२८वे आणि अधिनियम १०६वा. जे विधेयक पडते त्याला अधिनियमांच्या रांगेत जागाच मिळत नाही.

१९७० मध्ये नेमके हेच घडले. तनखे बंद करणारे चोविसावे विधेयक लोकसभेत संमत झाले. ५ सप्टेंबर रोजी राज्यसभेत त्याच्या बाजूने १४९ आणि विरुद्ध ७५ मते पडली. संविधान बदलण्याची रीत सांगणाऱ्या अनुच्छेद ३६८ प्रमाणे उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचे दोन-तृतीयांश बहुमत लागते, आणि २२४ चे दोन-तृतीयांश म्हणजे १४९ पूर्णांक एक-तृतीयांश. थोडक्यात १५० मते हवी होती. (अपूर्णांकाने घात करावा, असा प्रसंग संसदेत क्वचितच येत असेल.) दुसऱ्याच दिवशी राष्ट्रपतींनी ‘शासक’ कोण हे ठरवणाऱ्या अनुच्छेद ३६६ च्या खंड २२ चा आधार घेऊन सर्वच संस्थानिकांची ‘शासक’ म्हणून असलेली मान्यता काढून घेतली. त्या आदेशाविरुद्ध जे सर्वोच्च न्यायालयात गेले त्यांत आपल्या गावचे माधवराव शिंदे होते आणि तो निकाल त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ११ न्यायाधीशांच्या पीठाने १५ डिसेंबर १९७० रोजी बहुमताने तो आदेश बेकायदा ठरवला.

त्याच महिन्यात लोकसभा विसर्जित झाली. निवडणुकीनंतर सरकार मोठ्या बहुमताने परतले, तेव्हा आधी ३६८ मध्ये बदल करणारा अधिनियम आला. मोकळा राहिलेला २४वा क्रमांक त्याला मिळाला आणि तो ५ नोव्हेंबर १९७१ रोजी अमलात आला. तनख्यांचा २६वा अधिनियम २८ डिसेंबर १९७१ रोजी लागू झाला, तर २५वा त्याच्याही मागून, २० एप्रिल १९७२ रोजी. तेव्हा नुसत्या क्रमांकावरून तारखांचा क्रम लावू नये, हे मुलीला जरूर सांगावे.

कारेलीबागेतून, बडोदे

आधी एका शब्दाविषयी बोलतो. ‘संशोधन’ हा हिंदीचा संस्कार आहे. आम्हां बडोदेकरांना त्याचा दोष देण्याचा अधिकार नाही, कारण आमच्या मराठीत गुजराती तितकीच मिसळलेली असते. पण मराठीत संशोधन म्हणजे शोधकार्य, आणि येथे अभिप्रेत आहे ती घटनादुरुस्ती. परीक्षा हिंदीतून द्यायची असेल तर प्रश्नच नाही.

वकीलसाहेबांनी सांगितलेल्या खंड २२ चा वापर १९७० मध्ये प्रथम झाला असे मात्र समजू नये. १९५१ मध्ये याच तरतुदीखाली प्रतापसिंहराव गायकवाडांची मान्यता काढून घेण्यात आली आणि त्यांचे पुत्र फत्तेसिंहराव यांना बडोद्याचे शासक म्हणून मान्यता मिळाली. तेथे एका व्यक्तीच्या जागी दुसरी आली, गादी राहिली. सर्वांची मान्यता एकदम काढून ती संस्थाच मोडण्याचा अधिकार त्या खंडात नाही, असे १९७० च्या निकालाने म्हटले. म्हणूनच सरकारला पुन्हा घटनादुरुस्तीकडे वळावे लागले.

जयेंद्रगंजकर, ग्वाल्हेर

दोघांचेही आभार. घटनादुरुस्ती हा शब्द यापुढे लक्षात ठेवीन. मुलीचा एक प्रश्न मात्र उरतो: २९१ आणि ३६२ गेले, तर ३६३ का ठेवला?

निवृत्त वकील, इंदूर

कारण त्याचे काम निराळे आहे. २९१ मध्ये तनख्याच्या रकमेची आणि ती आयकरमुक्त असण्याची हमी होती. ३६२ मध्ये संस्थानिकांच्या वैयक्तिक हक्कांचा व विशेषाधिकारांचा मान राखण्याची. मूळ देणेच संपवल्यावर दोन्ही निरर्थक झाले, आणि ते देणे संपवणारी तरतूद म्हणजे ३६३क. ३६३ मात्र संस्थानिकांनी संविधानापूर्वी केलेल्या तह-करारांतून उद्भवणारे वाद न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवतो. तनखे बंद झाले म्हणून ते जुने करार नाहीसे झाले नाहीत आणि त्यांवरून कोणी न्यायालयात जाण्याची शक्यताही उरतेच. म्हणून तो तसाच राहिला. खंड २२ देखील काढलेला नाही, फक्त त्याची व्याख्या भूतकाळात ढकलली आहे: ‘शासक’ म्हणजे २६व्या घटनादुरुस्तीपूर्वी ज्याला तशी मान्यता होती तो. अनुच्छेदांना नव्याने सलग क्रमांक न देण्याचे कारणही यातच आहे, कारण जुन्या निकालांत आणि कायद्यांत जेथे जेथे ३६३ म्हटले आहे तेथे तो ३६३ च असायला हवा. २६व्या घटनादुरुस्तीलाही पुढे आव्हान दिले गेले होते. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली.