घरफाळ्याच्या कागदावर फ्लॅट २१ लाखाचा, आम्ही तर ३४ ला घेतला! कुणीतरी समजावून सांगा प्लीज

नमस्कार मंडळी, पहिलाच धागा आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

चौदा वर्षं कोल्हापुरात राजारामपुरीत भाड्यानं काढली आणि गेल्या दिवाळीत एकदाचा टू बीएचके घेतला. शहराला लागूनच आहे पण ग्रामपंचायत हद्दीत (गावाचं नाव मुद्दाम देत नाही). १९७२ ला महापालिका झाली तेव्हापासून हद्दवाढीचं घोंगडं भिजत पडलंय, म्हणून आमच्यासारखे लोक पत्त्यात कोल्हापूर लिहितात आणि घरफाळा ग्रामपंचायतीत भरतात. असो.

तर परवा पहिलं बिल आलं. घरपट्टी २५९२ रुपये, वर दिवाबत्ती, आरोग्य कर, पाणीपट्टी वेगळी. रकमेबद्दल तक्रार नाही हो, पण त्यात 'भांडवली मूल्य २१,६०,०००' असं लिहिलंय. मी कपाटातनं फाईल काढली आणि तिथंच चक्रावले, कारण एकाच फ्लॅटच्या चार किमती निघाल्या. बिल्डरला दिले ३४ लाख. बँकेच्या व्हॅल्युअरनं रिपोर्टमध्ये लावले साडेबत्तीस. सूची २ वर (रजिस्ट्रीनंतर मिळणारा नोंदणीचा उतारा) मोबदला ३४,००,००० आहे आणि त्याच्याच खाली 'बाजारभाव' म्हणून २७,१०,०००. आणि आता ग्रामपंचायत म्हणते २१,६०,०००.

आमचे हे तेव्हापासनं झोपलेले नाहीत, बिल्डरनं आपल्याला बारा लाखाची टोपी घातली असंच धरून बसलेत. सरकारच्या कागदावरच बाजारभाव २७ लिहिलाय म्हटल्यावर मी तरी काय बोलणार? सासूबाईंचं वेगळंच, "कमी लावलाय न्हवं, मग गप बस की, मोहोळ कशाला उठवतीस."

आणि त्यात भर म्हणजे समोरच्या दारातल्या वहिनींचा फ्लॅट अगदी आमच्यासारखाच, आरशात बघितल्यासारखा, एकाच महिन्यात दोघींची रजिस्ट्री झाली, तरी त्यांच्या बिलात भांडवली मूल्य १६,५२,००० आणि घरपट्टी १९८२. म्हणजे आमचा फ्लॅट जास्त भारी की काय? विकायला काढला तर यातली कुठली किंमत धरायची? आणि बिल जास्त आलंय असं बोलायला जावं तर ३४ लाख कळल्यावर उलट वाढवून ठेवतील का?

प्रतिसाद १
गप बसा. ऑफिसात गेला की वाढतंय. अनुभव आहे.

प्रतिसाद २
ताई, आधी मिस्टरांना म्हणावं झोपा निवांत. मी जिल्ह्यात ग्रामसेवक म्हणून नोकरी करून रिटायर झालोय, हे प्रश्न ऐकतच केस पिकले.

सूची २ वर जो 'बाजारभाव' लिहिलेला असतो तो बाजारातला भाव नसतो. शब्दच फसवा आहे, त्याला तुम्ही काय करणार. तो रेडी रेकनरनं निघालेला आकडा, म्हणजे नोंदणी व मुद्रांक विभाग दर वर्षी जो वार्षिक मूल्य दर तक्ता काढतो त्यातला त्या भागाचा दर धरून केलेला हिशोब. तो कशाला, तर लोक कागदावर कमी किंमत दाखवून स्टॅम्प ड्युटी चुकवतात म्हणून. मोबदला आणि हा आकडा यात जो जास्त असेल त्यावर ड्युटी बसते, तुमची ३४ वरच बसली असणार, चलन काढून बघा. खरा बाजारभाव म्हणजे घेणारा आणि देणारा ज्यावर हात मिळवतात तो, आणि तो तुम्ही स्वतःच केलाय, ३४. बँकवाला जरा हात राखून लावतो कारण उद्या हप्ते थकले तर विकून पैसे वसूल झाले पाहिजेत.

आता २१,६०,०००. हा कुणी तुमच्या घरी येऊन टाईल्स आणि मॉड्युलर किचन बघून लावलेला नाही, हे नुसतं गणित आहे. जमिनीचं क्षेत्र गुणिले रेकनरमधला जमिनीचा दर, त्यात बांधकामाचं क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर मिळवायचा, इमारत जुनी होईल तसा घसारा वजा, आणि शेवटी वापराचा भारांक, म्हणजे वापर बघून ज्या आकड्यानं गुणायचं तो. राहण्याला भारांक १, दुकान वगैरे असेल तर १.२५. जी बेरीज येते तिच्यावर दर हजारी अमुक पैसे. तुमच्या बिलावरनं १ रुपया २० पैसे दिसतोय, २१६० गुणिले १.२० करा, बरोबर २५९२ येतंय. यात तुमचे ३४ लाख कुठं आले का? नाही ना. तुम्ही पन्नासला घेतला असता तरी बिल हेच आलं असतं. त्यामुळं किंमत कळली म्हणून वाढवतील ही भीती सोडा. दर चार वर्षांनी फेरआकारणी होते तेव्हा सगळ्यांचीच होते.

म्हणून ग्रामपंचायतीत जाऊन किमतीवर वाद घालू नका, तिथं तो मुद्दाच नसतो. भांडायचं तर नोंदीवर. समोरच्या फ्लॅटशी दर तोच, वर्ष तेच, बांधकाम तेच, मग फरक क्षेत्रात नाहीतर वापरात. नमुना ८ चा उतारा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीतली तुमच्या घराची नोंद, काढा, त्यात क्षेत्र किती लिहिलंय ते सूची २ शी ताडून बघा आणि इथं लिहा.

प्रतिसाद ३
काकांनी मस्त सांगितलं. फक्त शहरात राहणाऱ्यांनी हेच गणित आपल्या बिलाला लावू नका, महापालिकेचा कायदा वेगळा आहे. त्यात दोन पद्धती आहेत, एक भांडवली मूल्याची आणि दुसरी करयोग्य मूल्याची. करयोग्य मूल्य म्हणजे ते घर भाड्यानं दिलं तर वर्षाला किती येईल ते धरून त्यातनं दुरुस्तीचे १० टक्के वजा, त्यामुळं तो आकडा काही हजारातच असतो. माझ्या पुण्यातल्या भावाला बिल बघून घामच फुटलेला, फ्लॅटची किंमत एवढीशी कशी म्हणून :)

धागाकर्ती
काका, तुमचे पाय कुठं आहेत? आज अर्धी रजा टाकून उतारा काढला. आमच्या नावापुढं १०२० चौरस फूट आणि वहिनींच्या नावापुढं ७८०! सूची २ वर दोघींचंही ७८० च आहे. १०२० कुठनं आलं म्हणून डोकं खाजवत घरी आले आणि बुकिंगच्या वेळचं ते गुळगुळीत कागदाचं ब्रोशर काढलं, तर त्यात 'सुपर बिल्टअप १०२०' असं सोनेरी अक्षरात. जिना, लिफ्ट, पॅसेज सगळं आमच्याच माथी. आमचे हे म्हणाले, "बघ, बिल्डरचाच हात निघाला शेवटी." बिल्डरवरचा राग काही सोडायला तयार नाहीत.

२१,६०,००० ला १०२० नं भागून ७८० नं गुणलं तर १६,५२,००० च्या जवळपासच येतंय, मोबाईलवर तीनदा केलं. म्हणजे वर्षाला ६१० रुपयांचा खेळ. सासूबाई म्हणतात एवढ्यासाठी अर्धी रजा घालवलीस?

प्रतिसाद २
सासूबाईंना सांगा ६१० दर वर्षी आहेत, आणि पुढं दर वाढला की फरक पण वाढणार. साध्या कागदावर अर्ज करा, सोबत सूची २ ची झेरॉक्स आणि मंजूर नकाशातलं तुमच्या मजल्याचं पान. ब्रोशर अजिबात जोडू नका. आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का तारखेसह घेतल्याशिवाय टेबलावरनं उठू नका, ह्यातच निम्मं काम असतं. ऐकलंच नाही तर पंचायत समितीकडं अपील करता येतं पण तिथपर्यंत जाणार नाही, लिहिताना झालेली चूक आहे. तोवर चालू बिल भरून टाका, थकबाकीदार म्हणून अर्ज करू नका.

धागाकर्ती
अर्ज दिला, शिक्का घेतला (क्लार्क म्हणाले "कुणी शिकवलं तुम्हाला हे?"). सोमवारी टेप घेऊन माणूस येणार आहे. आता नवीन प्रश्न, मागच्या बाल्कनीला आम्ही ग्रील आणि काचा लावून वॉशिंग मशीन ठेवलंय, ते क्षेत्रात धरतील का? वहिनींची बाल्कनी उघडीच आहे…