मनाचा आजार आणि श्रद्धा: तुमचे अनुभव लिहा

मनाच्या आजारातून गेलेले, अजून जात असलेले आणि अशा माणसाच्या शेजारी राहिलेले, सगळ्यांना हे आवाहन आहे. श्रद्धेनं त्या काळात तुमच्यासाठी नेमकं काय केलं, ते लिहा. 'बळ मिळालं' एवढ्यावर थांबू नका. कसलं बळ, कोणत्या वेळी, कशासाठी, ते सांगा. श्रद्धेनं इजा केली असेल तर तेही तितक्याच मोकळेपणानं येऊ द्या. देव न मानणाऱ्यांनीही लिहावं, कारण आजारपणात हा प्रश्न त्यांच्याही दारात येतोच.

विषय काढायचं कारण असं, की आजारी माणसाला दोन बाजूंनी ओढलं जातं. घरातले म्हणतात गोळ्या सोड, प्रार्थना कर. मित्र म्हणतात प्रार्थना सोड, गोळ्या घे. ज्याला दोन्ही हवं असतं तो शेवटी कुणाशीच बोलत नाही, आणि या आजारात न बोलणं फार महागात पडतं.

आपलं औषध आणि त्याची मात्रा दुसऱ्याला सुचवू नका, एवढं पाळा. आणि आत्ता या क्षणी कुणाच्या मनात जीव संपवण्याचे विचार असतील तर पुढे वाचू नका. जवळच्या माणसाला सांगा, डॉक्टरांना किंवा आपत्कालीन सेवेला फोन करा. हे सगळं नंतरही वाचता येईल.

शिक्षिका, चाळिशीतली

नैराश्यात माझं आधी रडू गेलं. मग भूक, मग गाणं ऐकावंसं वाटणं, आणि शेवटी प्रार्थना. शब्द पाठ होते, ओठ हलत होते, पण पलीकडे कुणी ऐकतंय असं वाटेना. देवानं मला टाकलं, असा अर्थ मी लावला. 'तुझी श्रद्धाच कमी पडते' म्हणून एका नातेवाईकानं त्यावर शिक्काही मारला.

डॉक्टरांनी विचारलं, "मुलाला जवळ घेतल्यावर काय वाटतं?" मी म्हटलं, काहीच नाही. त्या म्हणाल्या, "म्हणजे मुलानंही तुम्हाला टाकलंय का?" तिथे मला उलगडलं. या आजारात ओढ, आनंद, माया सगळंच जाणवेनासं होतं, तर भक्ती तेवढी कशी वाचेल? देवाबद्दल काही निष्कर्ष काढण्याच्या स्थितीत मी नव्हतेच.

गोळ्यांबद्दल थोडं लिहिते, कारण बरेच जण पहिल्या आठवड्यातच सोडून देतात. नैराश्याच्या औषधांचा परिणाम जाणवायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात, पुरता फरक पडायला त्याहून जास्त. त्याआधी मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणा असले त्रास होऊ शकतात. माझी आधी झोप सुधारली, मग भूक. मन सगळ्यांत शेवटी. त्या मधल्या काळात मी ठरलेल्या वेळी उठून प्रार्थनेला बसायचे, काही वाटण्याची अपेक्षा न ठेवता. थेरपिस्ट म्हणाल्या की त्याही हेच करायला सांगतात: वाटेल तेव्हा करू म्हणून थांबायचं नाही, ठरलेलं लहानसं काम करायचं, वाटणं मागून येतं. आणि आलं. बरं वाटल्यावरही निदान ६ महिने औषध चालू ठेवायला सांगतात आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करतात. एकदम थांबवू नका.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा, तिशीतला

वरच्या ताईंची प्रार्थना आजारानं हिरावली. माझ्या आजारानं प्रार्थनेतच ठाण मांडलं होतं. डोळे मिटले की देवाबद्दल शिवराळ, घाणेरडे विचार यायचे. मग क्षमा मागायची. क्षमा मागताना मन लागलं नाही म्हणून पुन्हा पहिल्यापासून. एक शब्द अडखळला की पुन्हा. लोक माझ्या भक्तीचं कौतुक करत होते आणि मी त्या खोलीत जायच्या विचारानंच घामाघूम व्हायचो.

हा ओसीडीचाच एक प्रकार आहे हे कळायला वर्षं गेली. नकोसे विचार पुन्हापुन्हा येतात आणि ते शमवायला माणूस तीच कृती पुन्हापुन्हा करत राहतो, तो हा आजार. ओसीडी म्हणजे हात धुणं आणि कुलूप तपासणं एवढंच आपण ऐकलेलं असतं. मला मोठा दिलासा मिळाला तो १९७८ सालच्या एका अभ्यासाबद्दल कळल्यावर. रॅकमन आणि डी सिल्व्हा या दोघा मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं, की असे नकोसे, भलतेसलते विचार आजार नसलेल्या बहुसंख्य माणसांच्याही मनात येतात. ते त्यांना झटकून पुढे जातात, आम्ही त्यांचा खटला चालवत बसतो. दुसरा आधार इग्नेशियस लोयोला यांच्या हकिगतीचा. जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचे हे संस्थापक १५२२ च्या सुमारास स्पेनमधल्या मॅन्रेसा गावी राहत होते. जुन्या पापांची कबुली पुन्हापुन्हा देऊनही काहीतरी सांगायचं राहिलं, या शंकेनं ते पोखरले गेले होते. अगदी स्पष्ट असेल तेवढंच सांग, असं त्यांना बजावण्यात आलं. पण त्यांना सगळंच स्पष्ट वाटत होतं! माझी गाठ हुबेहूब तिथेच बसली होती. पाचशे वर्षांपूर्वी, वेगळ्या धर्मातल्या एका संतालाही हेच झालं होतं, या एका गोष्टीनं मी स्वतःला पापी समजणं थांबवलं.

उपचार मात्र कष्टाचा आहे. विचार येऊ द्यायचा आणि क्षमा मागायची नाही. चिंता चढत जाते. तिला शमवण्यासाठी काहीच केलं नाही तरी ती उतरते, आणि हे वारंवार घडलं की मेंदू शिकतो. मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये या पद्धतीचा पाया घातला. मला धास्ती होती की हेच पाप ठरेल. माझ्या थेरपिस्टनी तेव्हा जे केलं त्यासाठी मी त्यांचा कायमचा ऋणी आहे. माझ्या संमतीनं त्यांनी आमच्या धर्मगुरूंना बोलावून घेतलं. तिघं बसलो आणि ठरवलं, की धर्म किती मागतो आणि आजार किती मागतो. धर्माविरुद्ध वागायला मला कुणी सांगितलं नाही, इतर भाविक जेवढं करतात तेवढ्यावर थांबायला सांगितलं. गुरुजी म्हणाले, "एकदाच म्हण. चुकलं तरी पुढे जा. जबाबदारी माझी."

पुढे मी त्यांना सारखे फोन करून 'जबाबदारी माझी' हे वदवून घ्यायला लागलो. थेरपिस्टनी तेही थांबवायला लावलं, कारण खात्री मागत राहणं हासुद्धा त्याच आजाराचा भाग. घरच्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. 'नाही रे, देव रागावला नाही' असं तुम्ही प्रेमानं दहादा सांगता आणि अकराव्यांदा विचारायची गरज वाढवता.

आता प्रार्थना करतो, छोटी. विचार अजून येतात. देवापुढे त्यांचा खुलासा करत नाही.

रात्रपाळी करणारी परिचारिका

पॅनिक अटॅक. छाती आवळते, बोटं बधिर होतात, आता संपलं असं वाटतं. मी रोज इतरांचे ईसीजी बघते, तरी स्वतःच्या शरीराला पटवता येत नाही. झटका साधारण १० मिनिटांत शिखर गाठतो आणि मग उतरतो. तेवढ्या वेळात मी प्रार्थनेची एक ओळ संथपणे, श्वास सोडताना म्हणते. उच्छ्वास लांबला की हृदयाचा वेग कमी होतो, हे शरीराचं काम. ती ओळ कोणती असावी, हे माझं मी ठरवलं. छातीत असं पहिल्यांदाच दुखत असेल तर मात्र घरी ओळी म्हणत बसू नका, आधी हृदय तपासून घ्या.

बायपोलर असलेला, पन्नाशीतला

बायपोलर म्हणजे मन कधी उन्मादात, कधी नैराश्यात जाण्याचा आजार. त्या वेळी झोप जवळपास संपली होती आणि थकवा नव्हता. मला निवडलं गेलंय, याबद्दल शंकाच उरली नव्हती. प्रत्येक पाटी, प्रत्येक गाडीचा क्रमांक माझ्यासाठीच लिहिलेला. देव इतका जवळ आयुष्यात कधी वाटला नव्हता, आणि तो उन्माद होता.

उपचारानंतर जमिनीवर आलो तेव्हाचा प्रश्न सगळ्यांत कठीण: त्याआधीची श्रद्धाही आजारच होती का? डॉक्टर म्हणाले, याचं उत्तर औषधशास्त्रात नाही. त्यांचं ते प्रामाणिक बोलणं मला मोलाचं वाटलं. मग मी स्वतःच्या खुणा लिहून काढल्या. झोप घटूनही उत्साह वाढणं. कुणाचंच ऐकून न घेणं. आणि मुख्य म्हणजे घाई. माझी श्रद्धा शांत असते, तिला कसलीही घाई नसते. आदेश मिळालाय आणि तो आज रात्रीच पाळायचाय असं वाटलं, की बायकोला सांगायचं आणि सकाळी डॉक्टरांना, असं आमचं ठरलंय.

उपवासाबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. मी लिथियम घेतो. जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९४९ मध्ये उन्मादावर त्याचा उपयोग मांडला, आणि आजही ते बायपोलरमधलं महत्त्वाचं औषध आहे. मूत्रपिंडं लिथियमला मिठासारखंच वागवतात. अंगातलं पाणी किंवा मीठ घटलं की ते बाहेर टाकायचं सोडून धरून ठेवतात आणि रक्तातली पातळी चढते. उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर थोडं आहे, म्हणून तर ठरावीक काळानं रक्त तपासतात. तेव्हा पाणी न पिता उपवास करण्याआधी डॉक्टरांशी बोला. हाताचा कंप वाढला, उलट्या-जुलाब सुरू झाले, तोल जाऊ लागला तर लगेच दवाखाना गाठा. मी आमच्या ज्येष्ठांना विचारलं तेव्हा त्यांनी क्षणाचाही विचार न करता सूट दिली. आजाऱ्याला सूट देणाऱ्या परंपरा पुष्कळ आहेत. विचारायचा संकोच आपल्यालाच असतो.

(दादा, हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. इतर औषधं घेणाऱ्यांनीही उपवासाआधी विचारावं. काही गोळ्या अन्नाबरोबरच घ्यायच्या असतात. — आवाहन करणारी)

एका मुलाची आई

मी देव मानत नाही, तेव्हाही मानत नव्हते.

बाळंतपणानंतर रडू येतं ते बहुतेकींना, आणि दोनेक आठवड्यांत ओसरतं. माझं ओसरलं नाही. बाळ झोपलं तरी मी टक्क जागी. या बाळाला दुसरी आई मिळायला हवी होती, हे मला गणितासारखं पक्कं वाटत होतं. तपासणीला गेले तेव्हा आरोग्यसेविकेनं १० प्रश्नांचा एक कागद हातात दिला. ती बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखण्यासाठीची एडिंबरा प्रश्नावली, १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेली. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. तोंडानं कुणी विचारलं असतं तर मी 'सगळं ठीक' म्हटलं असतं. कागदावर खरं लिहिलं. उपचार त्या दिवशीच सुरू झाले. अंगावर पाजत असतानाही घेता येतील अशी औषधं असतात, त्या भीतीनं थांबू नका.

माझ्या सासूबाई अतिशय सश्रद्ध. त्यांनी मला एकदाही 'प्रार्थना कर' म्हटलं नाही. पहाटे पाजून झालं की बाळाला उचलून न्यायच्या आणि त्यांची प्रार्थना संपेपर्यंत ते त्यांच्या मांडीवर असायचं. तेवढा वेळ मला सलग झोप मिळायची. त्यांचा देव मला मानता येत नाही, पण त्यांच्या श्रद्धेनं मला झोपू दिलं हे मी कुणालाही सांगते.

निवृत्त, मुलगा गमावलेला

मुलानं आत्महत्या केली. अंत्यविधीलाच एका धार्मिक माणसानं मला ऐकवलं की अशाला गती मिळत नाही. तेव्हापासून देवाशी माझं भांडण आहे. पार्गामेंट नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी श्रद्धा आणि संकट यांवर बराच अभ्यास केलाय. देव आपल्याला शिक्षा करतोय, त्यानं आपल्याला सोडलंय, असं मानून झुरणाऱ्यांच्या मनाची अवस्था अधिक वाईट आढळते, असं त्यातून दिसतं. मला ते अभ्यासाशिवायही कळलं असतं.

मला दुसऱ्याच एका वृद्ध धर्मोपदेशकांनी धरून ठेवलं. ते म्हणाले, "तो आजारानं गेला." कारण सांगितलं नाही, गतीबद्दल बोलले नाहीत. माझं देवाला शिव्या घालणं त्यांनी ऐकून घेतलं. पुन्हा आले, पुन्हा ऐकून घेतलं. 'आता सावरा' म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे, की शोकाला आजार म्हणायची वैद्यकालाही घाई नाही. २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, निदान ६ महिने उलटूनही माणूस त्याच तीव्र दुःखात अडकून जगण्याची कामंच करू शकत नसेल, तरच त्याला वेगळं नाव दिलंय. मला ते नाव मिळालं. उपचारांचा उपयोग होतो आहे. भांडण चालूच आहे.

दारू सोडलेला

थोडक्यात लिहितो. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठीचा गट, १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात सुरू झालं. त्याच्या बारा पायऱ्यांत ईश्वर येतो, पण तो कसा मानायचा हे ज्याच्या त्याच्यावर सोडलेलं आहे. मला ईश्वर जमेना. मी त्या जागी समोर बसलेली माणसं ठेवली: माझ्याहून मोठी आणि माझ्या मनाहून विश्वासू. चाललं. बऱ्याच काळापासून रोज पिणाऱ्यांनी मात्र स्वतःहून एका दिवसात बंद करू नये. झटके येऊ शकतात, जीवावर बेतू शकतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली करा.

विद्यार्थिनी

मुलगा गमावलेल्या काकांचं वाचलं आणि लिहायचं ठरवलं.

मैत्रिणीनं मला सरळ विचारलं होतं, "जीव द्यावासा वाटतोय का?" असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात घुसतो, असं खूप जणांना वाटतं. संशोधनात तसं आढळलेलं नाही. मला तर कुणीतरी ओझ्याचं दुसरं टोक धरल्यासारखं झालं. मी हो म्हटलं. तिनं उपदेश केला नाही. रात्रभर थांबली आणि सकाळी मला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

थेरपिस्टबरोबर मी एक कागद तयार केला. स्टॅन्ली आणि ब्राउन यांची सुरक्षा योजना म्हणून ही पद्धत ओळखली जाते. आधी धोका जवळ आल्याच्या माझ्या खुणा. मग एकटीला करता येण्यासारख्या गोष्टी. मग मन दुसरीकडे नेणारी माणसं आणि जागा. मग जिला स्पष्ट सांगता येईल ती व्यक्ती. मग डॉक्टर आणि आपत्कालीन क्रमांक. शिवाय धोक्याच्या वस्तू घरातून दूर कुणी आणि कधी ठेवायच्या, ते. माझी प्रार्थना दुसऱ्या पायरीवर आहे. मला ती सगळ्यांत वर हवी होती. थेरपिस्टनी समजावलं, की क्रम महत्त्वाचेपणाचा नाही. एका पायरीनं भागलं नाही तर तिथेच जोर लावत बसायचं नाही, पुढच्या पायरीवर जायचं. प्रार्थना करूनही विचार ओसरले नाहीत तर प्रार्थना अपुरी पडली असा हिशेब मांडायचा नाही, फोन उचलायचा. मी तो उचलला आहे.

असा कागद करायचा असेल तर बरं वाटत असताना करा, आणि एक प्रत चौथ्या पायरीवरच्या माणसाकडे देऊन ठेवा.