मदत हवी आहे: कम्युनिटी कॉलेज बदलताना केमिस्ट्री आणि कॅल्क्युलसची सिरीज अर्धी राहतेय (कॅलिफोर्निया)

नमस्कार मंडळी,

मुलांना कम्युनिटी कॉलेजातून (पहिली दोन वर्षं करायचं स्थानिक कॉलेज) यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला पाठवलेल्यांचा सल्ला हवाय.

लेकीचं बे एरियातल्या कम्युनिटी कॉलेजात पहिलं वर्ष जूनमध्ये संपतंय. पुढे यूसी डेव्हिसला बायोकेमिस्ट्री करायचं, हे तिचं पक्कं आहे. नवऱ्याची बदली सॅक्रामेंटोला झालीय, जुलैअखेर घर हलवायचंय. म्हटलं बरंच झालं, डेव्हिस शेजारीच, दुसरं वर्ष तिथल्या कम्युनिटी कॉलेजात करेल. फीचाही प्रश्न नाही, सेमिस्टर युनिटला (क्रेडिटला) ४६ डॉलर सगळीकडे सारखेच.

घोळ वेगळाच निघाला. हिचं कॉलेज क्वार्टरचं (वर्षात तीन सत्रं), सॅक्रामेंटोची सेमिस्टरची (वर्षात दोन). कॅल्क्युलस इथे चार क्वार्टर चालतं, तिथे तीन सेमिस्टर. जनरल केमिस्ट्री इथे तीन क्वार्टर, तिथे दोन सेमिस्टर. हिचे कॅल्क्युलसचे ए, बी, सी हे भाग (ग्रेड नव्हे) होतील, डी राहील. केमिस्ट्रीला फॉलमध्ये सीट मिळाली नाही, विंटरला सुरू केली, त्यामुळे तिथेही सी राहतोय. नव्या कॉलेजात हा शेवटचा तुकडा सुटा मिळत नाही. दुसरं सेमिस्टर अख्खं घ्यावं, तर त्यातलं बरंच शिकून झालेलं, आणि त्याच विषयाचे युनिट्स काही दोनदा मोजत नाहीत. गंमत म्हणजे डेव्हिस स्वतः क्वार्टरवालं!

काउन्सेलर म्हणतात, क्वार्टर युनिट्सचे दोन-तृतीयांश केले की सेमिस्टरचे होतात, ९० चे ६०. अहो, युनिट्सची काळजी नाहीच. मेजरला (मुख्य विषयाला) सिरीज, म्हणजे ओळीने सगळे भाग हवेत, बेरीज नको.

सगळ्या कॉलेजांत सारख्या कोर्सला सारखाच क्रमांक द्यायचा कायदा २०२१ साली झाला, चांगलंच आहे. पण क्रमांक जुळला म्हणून मधला अर्धा धडा कोण शिकवणार?

असिस्टच्या साइटवर एका कॉलेजचा एका विद्यापीठाशी करार दिसतो (इथला कोणता कोर्स तिथे कशाच्या जागी धरतात तो). दोन कॉलेजांत विभागलेली सिरीज कुठे बघायची? आणि सप्टेंबरात टॅग (यूसीच्या ट्रान्स्फर प्रवेशहमीचा अर्ज) भरायचाय, तेव्हा हे असं लटकलेलं चालेल का?

फ्रीमाँटकर: ताई, हलायच्या आधी समर पकडा. कॅल्क्युलस डी ऑनलाइन मिळालं तर सॅक्रामेंटोला बसूनही होईल, फॉलमध्येसुद्धा. केमिस्ट्रीच्या लॅबला मात्र हजर राहावंच लागतं. माझ्या मुलानं फिजिक्स असंच उरकलं, ओळखीच्यांकडे राहून. रजिस्ट्रेशन ज्या मिनिटाला उघडेल त्याच मिनिटाला बसा, लॅबच्या सीटा बघता बघता संपतात.

घाटावरचा: दोन्ही कॉलेजांचे डेव्हिसशी झालेले करार शेजारी शेजारी उघडा. जिथे दोन-तीन कोर्स 'आणि'ने जोडलेत, ते एकाच कॉलेजात संपवायचे असं धरून चाला. टॅग १ ते ३० सप्टेंबर, एकाच कॅम्पसचा. (बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो यात नाहीतच.) राहिलेले कोर्स त्यात 'करणार आहे' म्हणून दाखवता येतात, पण मग ते करावेच लागतात. आणि डेव्हिसच्या ट्रान्स्फर सल्लागारांना ईमेलच करा. फोनवरचं 'हो' नंतर कोणी ओळखत नाही.

चहाबाज: डेव्हिसचाच हट्ट का पण? असोसिएट डिग्री फॉर ट्रान्स्फर (कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची डिग्री) करा, सीएसयूमध्ये, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत जागा नक्की.

घाटावरचा: जागा नक्की सीएसयूमध्ये कुठेतरी, हव्या त्या कॅम्पसला नाही. शिवाय केमिस्ट्रीची सिरीज त्यालाही लागणारच ना.

फ्रीमाँटकर: +१. जनरल एज्युकेशनचे कोर्स नव्या कॉलेजात खुशाल करू द्या, ते सुटे असतात. बायोलॉजीचं काय?

धागाकर्ती: बायोलॉजी अजून सुरूच केलेलं नाही, ते सगळं सॅक्रामेंटोलाच करेल. तेवढं तरी एका छपराखाली. समरचं वेळापत्रक पाहिलं, केमिस्ट्री सी आहे, सोमवार ते गुरुवार, लॅबसकट, पण संपतं ऑगस्टमध्ये, म्हणजे आम्ही हललेले असू. डेव्हिसला ईमेल केलीय. सनीव्हेल-कुपर्टिनोकडे कोणाकडे मुलीसाठी तेवढ्यापुरती खोली असेल तर प्लीज विपु (विचारपुशीत निरोप) करा. स्वयंपाक येतो तिला, भांडी घासायचा कंटाळा आहे.